नुसती काळी बाटली बदलून फोटो टिकणार नाही

प्रश्न : मी साताऱ्यात फोटोग्राफी करतो. वारीचे कृष्णधवल फोटो ए-थ्री आकारात ३,५०० रुपयांना विकतो. वर्षाला साठेक प्रती जातात. त्या घरच्या सहा रंगांच्या टँक प्रिंटरवर काढतो. गेल्या वर्षीच्या २० प्रतींच्या मागे ‘शंभर वर्षे टिकेल’ असा शिक्का मारला होता. त्यातल्या दोन हिरवट पडल्या. आता त्याच प्रिंटरमध्ये स्वस्त पिगमेंट (न विरघळणाऱ्या रंगकणांची) काळी शाई भरू, दोन लाखांची एफडी मोडून १,४०,००० रुपयांचा पिगमेंट प्रिंटर घेऊ, की पिगमेंट प्रती काढून देणाऱ्या लॅबला प्रतीमागे १,३०० रुपये देऊ? घरखर्च महिना ३५,००० आहे. एफडीशिवाय शिल्लक नाही.

उत्तर : सध्या लॅब. एफडीला हात लावू नका आणि ती काळ्या शाईची बाटली तर घेऊच नका.

आधी बाटलीचं बोलू, कारण तुमचा कल तिकडे दिसतो. तुमच्या प्रिंटरमध्ये काळा एकच आहे. बाकी पाच रंग. वारकऱ्याच्या कपाळावरच्या सुरकुत्या, पांढऱ्या सदऱ्यावरची सावली, ढगाळ आभाळ, हे सगळे करडे भाग तो प्रिंटर बहुतांशी निळा, किरमिजी आणि पिवळा मिसळून तयार करतो. त्या तिन्ही डाय शाया, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाया, आहेत आणि त्या एकाच वेगाने उडत नाहीत. किरमिजी आधी उडाला की उरलेला करडा हिरवट दिसतो. तुमच्या दोन फोटोंचं बहुधा हेच झालंय. काळी शाई कितीही पक्की भरली तरी करडे भाग उडायचे ते उडणारच. शिवाय डायसाठी बनवलेल्या प्रिंटरचा हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, पिगमेंटने तुंबू शकतो, आणि ग्लॉसी, म्हणजे चकचकीत कागदावर मॅट (चकाकी नसलेल्या) कागदासाठीची काळी शाई बसतच नाही, बोट लावलं की पुसली जाते.

खऱ्या पिगमेंट प्रिंटरमध्ये काळा, करडा आणि फिका करडा अशा वेगळ्या शाया असतात. कृष्णधवल मोडमध्ये काम मुख्यतः त्यांच्यावरच चालतं, रंग चवीपुरते लागतात. काळ्या पिगमेंटचा आधार कार्बन. काजळीच्या शाईने लिहिलेल्या पोथ्या आजही वाचता येतात त्या याच कार्बनमुळे.

आता हिशेब. स्वतःच्या पिगमेंट प्रिंटरवर ए-थ्री प्रतीला साधारण दीड-दोन मिली शाई लागते. तिचे १२० रुपये, सुती कागदाचे ४००, चाचणी-सफाई-खराबीचे १३० धरा, झाले ६५०. लॅबच्या तुलनेत प्रतीमागे ६५० वाचले, साठ प्रतींवर वर्षाला ३९,०००. पण एफडीवर ७ टक्के व्याज धरलं तर १,४०,००० वरचे ९,८०० दरवर्षी बुडतील. उरले २९,२००. म्हणजे प्रिंटरची किंमत निघायला पावणेपाच वर्षं, तीही मधे दुरुस्ती निघाली नाही तर. तुमची विक्री आषाढाच्या आसपास दाटते; बाकी महिने प्रिंटर पडून राहील. पडून राहिलेल्या पिगमेंट प्रिंटरचे नोझल, म्हणजे शाईची बारीक छिद्रं, सुकतात, आणि ते मोकळे करण्यात महागडी शाई थेट मेंटेनन्स टँकमध्ये (वाया गेलेल्या शाईच्या टाकीत) जाते. दोन लाख म्हणजे तुमचा सहा महिन्यांचाही घरखर्च नाही. त्यातले ६०,०००च उरले तर दोन महिनेही निघणार नाहीत, आणि तुमच्या धंद्यात पावसाळ्यानंतरचे महिने कसे जातात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

वर्षाला १२० प्रती नियमित जाऊ लागल्या की माझं उत्तर बदलेल. तेव्हा दोन वर्षांत पैसे सुटतात. तोवर प्रत्येक विक्रीतले ७०० रुपये आरडीत टाका. जीएसटी नोंदणी नसेल तर प्रिंटरवरचा कर परत मिळत नाही, म्हणून किंमत करासहित धरा. जुना प्रिंटर स्वस्तात मिळाला तर एक गोष्ट आधी विचारा : फोटो ब्लॅक (ग्लॉसी कागदाची काळी शाई) आणि मॅट ब्लॅक (मॅट कागदाची) यांना वेगळे नोझल आहेत का? काही जुन्या मॉडेलांत दोघांना वाट एकच असते, आणि कागद बदलला की अदलाबदलीत दर वेळी शाई वाया जाते.

घरचा टँक प्रिंटर विकू नका. चाचणीच्या प्रती त्यावर काढा. हवं तर सजावटीचे फोटो म्हणून पाच-सातशे रुपयांत विका, पण टिकाऊपणाचा शब्द न देता. ३,५०० रुपये गिऱ्हाईक त्या शब्दासाठीच मोजतं.

तो शब्द देतानाही जपून. फोटोंच्या टिकाऊपणाच्या चाचण्या घेणारी अमेरिकेतली विल्हेम इमेजिंग रिसर्च ही संस्था वर्षांचे आकडे काढताना रोज १२ तास ४५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड गृहीत धरते. तो आकडा शाई आणि कागदाच्या जोडीचा असतो, काचेआड आहे की उघडा यावरही बदलतो. बाटलीवर छापलेली वर्षं तुमच्या फोटोला लागू होत नाहीत. म्हणून मागे वर्षं न लिहिता शाईचं नाव, कागदाचं नाव आणि तारीख लिहा. लॅबकडून हीच माहिती बिलावर मागून घ्या, आणि कागद ऑप्टिकल ब्राइटनरशिवायचा, म्हणजे जास्त पांढरा दिसावा म्हणून घालतात त्या रसायनाशिवायचा, आहे का तेही विचारा. ब्राइटनर असलेला कागद काही वर्षांनी पिवळसर दिसू लागतो.

राहिल्या शिक्का मारलेल्या त्या २० प्रती. माझ्या लेखी ते तुमच्यावरचं देणं आहे : २० गुणिले १,३००, म्हणजे २६,००० रुपये. आरडीच्या पैशातून आधी हे फेडा. हिरवट पडलेल्या दोन प्रती या महिन्यात बदलून द्या, उरलेल्या अठरा जणांना तक्रारीची वाट न बघता फोन करा.