रात्रभर जागून काम केलं आणि वर ताकीद मिळाली

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्लेसमेंटसाठी ओपन सोर्समध्ये (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरमध्ये) काम दाखवावं लागतं असं सीनियर सांगतात, म्हणून गेल्या महिन्यात एका प्रोजेक्टला पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझे बदल तुमच्या कोडमध्ये घ्या अशी विनंती, पाठवली. रात्रभर जागलो होतो. प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मेंटेनरने ‘फॉरमॅटिंगचे बदल काढा, टेस्ट जोडा’ एवढंच लिहिलं. मी रोज ‘काही अपडेट?’ विचारत राहिलो, लिंक्डइनवरही मेसेज केले आणि शेवटी चिडून ‘तुम्ही नवीन मुलांना मुद्दाम खच्ची करता’ असं लिहून टाकलं. त्यांनी रिक्वेस्ट बंद केली, चर्चा लॉक केली. नंतर आचारसंहितेचा हवाला देणारा ईमेल आला : ही ताकीद आहे, ३० दिवस संपर्क करू नका. हे कंपन्यांना दिसेल का? अकाउंट डिलीट करून नवीन काढू का? बाबा एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक आहेत. ते म्हणतात, ‘फुकटात राबायचं आणि वर बोलणी खायची, कशाला?’ त्यांना काय सांगू, मॅडम?

उत्तर :

आधी झोप उडवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. अकाउंट डिलीट करू नकोस. गिटहबवर, म्हणजे हे प्रोजेक्ट जिथे ठेवलेले असतात त्या साइटवर, अकाउंट काढून टाकलं तरी तू दुसऱ्यांच्या प्रोजेक्टमध्ये लिहिलेलं पुसलं जात नाही, ते ‘घोस्ट’ नावाखाली तिथेच राहतं. आणि नवीन नावाने त्याच प्रोजेक्टमध्ये गेलास, तर ती ताकीद चुकवण्याची पळवाट ठरते. मग मात्र थेट बंदी येते, आणि ती रास्तच असते.

तुला ताकीद मिळाली आहे, बंदी नाही. हा फरक नीट समजून घे. तू पाठवलेल्या लिंकवर जाऊन मी त्या प्रोजेक्टची आचारसंहिता वाचली. ती काँट्रिब्युटर कव्हनंट आहे. कोरलाइन एडा एमकी यांनी २०१४ मध्ये तयार केलेला हा मसुदा आज असंख्य प्रोजेक्ट जसाच्या तसा वापरतात. त्याच्या २०२० च्या आवृत्तीत चार पायऱ्या लिहून दिलेल्या आहेत : समज देणं, ताकीद, तात्पुरती बंदी, कायमची बंदी. तू दुसऱ्या पायरीवर आहेस. या पायरीचा अर्थही तिथेच लिहिलेला आहे. ठरलेल्या काळात संबंधित माणसांशी बोलायचं नाही, त्या प्रोजेक्टच्या बाहेर समाजमाध्यमांवरसुद्धा नाही. म्हणजे लिंक्डइनवर ‘सॉरी सर’ असा मेसेज टाकलास तरी ताकीद मोडली. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण आपल्याकडे माफी मागायला दारात जाऊन उभं राहण्याची रीत आहे. इथे दाराशी न जाणं हीच माफीची पहिली खूण.

आता तुझी पुल रिक्वेस्ट. मी ती उघडून ओळ न् ओळ पाहिली. तारीख रिकामी ठेवली की फिल्टर कोसळत होता आणि तो दोष तू बरोबर शोधलास. दुरुस्ती चार ओळींची आहे आणि चांगली आहे. पण बदललेल्या ओळी दिसतात ६१२! तुझ्या एडिटरमध्ये सेव्ह केल्यावर आपोआप फॉरमॅट होण्याची, म्हणजे कोडची मांडणी बदलण्याची, सोय चालू होती. दोन स्पेसच्या जागी टॅब आले, एकेरी अवतरणांची दुहेरी झाली, सगळी फाइल लाल-हिरवी होऊन गेली. तुझ्या चार ओळी त्या पसाऱ्यात शोधायला मला वीस मिनिटं लागली. शिवाय गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रत्येक ओळ कुणी, केव्हा आणि का लिहिली याचा माग राहतो. जुना दोष शोधताना मेंटेनरची सगळी मदार त्यावर असते. तुझ्या रिक्वेस्टने ६०८ ओळींवर विनाकारण तुझं नाव लागलं असतं.

हे बाबांना सांगून बघ, त्यांना चटकन पटेल. गाडी ब्रेकच्या कामासाठी आली आहे. मेकॅनिकने ब्रेक तर नीट केला, पण न विचारता सगळे नटबोल्ट सैल करून पुन्हा आवळले आणि गाडी तपासणीला उभी केली. तपासणारा त्या गाडीवर सही करेल का? ब्रेक उत्तम झाला असला तरी नाही करणार. ‘फॉरमॅटिंगचे बदल काढा’ या तीन शब्दांत त्या माणसाने हेच सांगितलं होतं. आणि ‘टेस्ट जोडा’, म्हणजे दुरुस्ती खरंच चालते का हे तपासणारा कोड दे, ही सूचना तर सरळ प्रोजेक्टच्या ‘काँट्रिब्युटिंग’ या, काम कसं पाठवायचं ते सांगणाऱ्या फाइलमधली, तिथल्या दुसऱ्याच परिच्छेदातली आहे. ती फाइल तू उघडली नव्हतीस, हे तुझ्या पत्रात न लिहिताही कळतं.

पण याचा सगळा दोष मी तुझ्या माथी मारणार नाही. आपल्या कॉलेजांमध्ये जर्नल पूर्ण केलं की सर सही करतात. चौदा ठिकाणी खुणा करून ‘हे असं का, ते पुन्हा लिही’ म्हणत वही परत करणारे शिक्षक मुलांना क्वचितच भेटतात. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा कुणी आपलं काम बारकाईने वाचतं, तेव्हा तो अपमान वाटतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी हुशार मुलांचं घोडं इथेच अडतं. रिव्ह्यू, म्हणजे पाठवलेलं काम तपासणं, ही तोंडी परीक्षा नाही, तिथे पास-नापास नसतं. ज्याने ‘हे काढा, ते जोडा’ लिहिलं, त्याने तुझं काम घ्यायचं मनावर घेतलं होतं. नको असतं तर त्याने काहीच न लिहिता रिक्वेस्ट बंद केली असती.

समोरचा माणूस कोण असतो, हे एका खऱ्या घटनेतून सांगते. एक्सझेड नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. ते फाइली दाबून लहान करतं आणि लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या जवळपास प्रत्येक प्रकारात असतं. लासे कोलिन नावाचे फिनलंडमधले एक गृहस्थ वर्षानुवर्षं ते जवळजवळ एकट्याने, बिनपगारी सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे लकडा लावला : काम हळू चाललंय, बदल कधी घेणार, जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. आपलं मानसिक आरोग्य बऱ्याच काळापासून ठीक नाही आणि हा बिनपैशाचा छंद आहे, असं कोलिन यांनी तेव्हा जाहीरपणे लिहिलं होतं. शेवटी ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या, गोड बोलणाऱ्या आणि नेमाने मदत करणाऱ्या एका व्यक्तीच्या हाती त्यांनी बरेच अधिकार दिले. त्याच व्यक्तीने २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतोय अशी शंका आली, म्हणून २९ मार्च २०२४ ला ते उघडकीस आलं. नाहीतर जगभरातल्या सर्व्हरची किल्ली भलत्याच्या हाती गेली असती.

लकडा लावणारी ती नावं बनावट होती असं आता मानलं जातं. तुझा हेतू तसा नव्हता, हे मला माहीत आहे. पण मेंटेनरच्या बाजूने बघ. त्याला तुझा चेहरा दिसत नाही, तुझं लातूर दिसत नाही, रात्रभर जागून लाल झालेले डोळे दिसत नाहीत. नऊ दिवसांत आलेले नऊ ‘काही अपडेट?’ दिसतात, मग त्याच्या खासगी इनबॉक्समध्ये आलेले मेसेज, आणि मग आरोप. दिवसभर नोकरी करून, पोरांना झोपवून रात्री दहाला तो हे वाचायला बसतो. आचारसंहिता या माणसासाठी आहे आणि तुझ्यासाठीही तेवढीच आहे. उद्या कुणी तुझ्या इंग्रजीची टिंगल केली, तर हेच कलम तुझ्या बाजूने उभं राहील.

ही कलमं फक्त नवख्यांना दमात घ्यायला असतात, असंही समजू नकोस. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या ईमेलमधली कडवट, अपमानकारक भाषा वर्षानुवर्षं प्रसिद्ध होती. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी स्वतः जाहीर माफी मागितली, आपल्याला मदतीची गरज आहे असं लिहून काही आठवडे काम बाजूला ठेवलं, आणि त्याच सुमारास लिनक्स कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या प्रोजेक्टने, काँट्रिब्युटर कव्हनंटवर बेतलेली आचारसंहिता स्वीकारली. ज्याने १९९१ मध्ये हे सगळं सुरू केलं, त्यालाही ‘माझं वागणं चुकलं’ म्हणावं लागलं. तुला लाज वाटत असेल, तर हे आठव.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. भारतीय विद्यार्थ्यांकडून आलेल्या रिक्वेस्टकडे काही ठिकाणी आधीच साशंक नजरेने पाहिलं जातं. त्याला कारण आहे. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबर महिन्यातल्या उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये त्यापायी रीडमी या, प्रोजेक्टची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये एखादा निरर्थक शब्द घुसवणाऱ्या रिक्वेस्टचा इतका पूर आला की आयोजकांना पहिल्याच आठवड्यात नियम बदलावा लागला. जे प्रोजेक्ट स्वतःहून सहभागी होतील, तिथल्याच रिक्वेस्ट धरायच्या असं ठरलं. त्यातल्या बऱ्याच मुलांनी आपल्याकडचे शिकवणीचे व्हिडिओ बघून तसं केलं होतं. ही पोरं वाईट नव्हती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की पलीकडे माणूस बसलेला असतो. मला याचा मनापासून राग येतो, त्या मुलांचा नाही, ‘दहा मिनिटांत ओपन सोर्स काँट्रिब्युटर बना’ म्हणणाऱ्यांचा.

तर आता काय करायचं. ताकीद ज्या ईमेलवरून आली, त्याच ईमेलला एकदाच उत्तर दे. साधारण असं : ‘ताकीद मिळाली आणि समजली. मी वारंवार विचारणा केली, खासगी मेसेज केले आणि तुमच्या हेतूवर आरोप केला, हे चुकीचं होतं. ३० दिवस मी संपर्क करणार नाही. या ईमेलला उत्तराची अपेक्षा नाही.’ हे स्वतःच्या इंग्रजीत लिही, एआयकडून सजवून घेऊ नकोस. त्यात ‘मी गरीब घरातला आहे’, ‘प्लेसमेंट तोंडावर आली आहे’, ‘पण माझी दुरुस्ती बरोबर होती’ यातलं काही घालू नकोस. ‘पण’ आला की माफीची कैफियत होते.

मग महिनाभर दुसऱ्या प्रोजेक्टकडे वळ, जे तू स्वतः वापरतोस अशा. आधी फक्त वाच. ‘काँट्रिब्युटिंग’ फाइल, आचारसंहिता आणि अलीकडे स्वीकारलेल्या दहा पुल रिक्वेस्ट. त्यांच्यावरचा रिव्ह्यू वाचताना त्या घरची रीत कळते : कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) संदेश कसा लिहितात, टेस्ट कुठे ठेवतात, काम हाती घेण्याआधी विचारावं लागतं की थेट पाठवलेलं चालतं. लिनक्स कर्नलच्या नियमांत तर स्पष्ट लिहिलं आहे की एका पॅचमध्ये (पाठवलेल्या दुरुस्तीत) एकच बदल हवा, आणि पुन्हा विचारण्याआधी किमान एक आठवडा थांबावं. बऱ्याच ठिकाणी कमिटखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ लागते. ही रीत कर्नलमध्ये २००४ पासून आहे. त्या ओळीचा अर्थ : हा कोड देण्याचा मला हक्क आहे. कुठूनतरी उचललेला कोड असेल, तर ती ओळ खोटी ठरते. एआयचंही तसंच. जेंटू या लिनक्सच्या एका प्रकाराच्या प्रोजेक्टने एप्रिल २०२४ मध्ये एआयने लिहिलेलं काम घ्यायचंच नाही असं ठरवलं. काही ठिकाणी चालतं, पण सांगावं लागतं. प्रत्येक घरी विचारून घे.

तुझ्याकडे एक जमेची बाजू आहे, तिचा तू पत्रात उल्लेखही केला नाहीस : तुला चांगलं मराठी येतं. फायरफॉक्स हा ब्राउझर आणि लिब्रेऑफिस हे ऑफिसच्या कामाचं सॉफ्टवेअर मराठीत आहेत. कुठे अनुवाद अर्धवट आहे, कुठे शब्द अवघडलेला आहे, हे तुझ्या डोळ्यांना दिसेल ते परदेशातल्या मेंटेनरला कधीच दिसणार नाही. आणि मुंबईत घडलेलं ईआरपीनेक्स्ट, म्हणजे कंपन्यांचे हिशेब आणि कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर, पूर्णपणे ओपन सोर्स आहे. तिथला कोड उघडून वाच. आपल्याकडचा जीएसटी आणि आपल्याकडचे हिशेब बाहेरच्यापेक्षा तुला लवकर कळतील.

कंपन्यांना दिसेल का? शोधलं तर दिसेल. मुलाखती घेणाऱ्यांशी माझं नेहमी बोलणं होतं. गिटहबवर रोजचं काम दाखवणारे किती हिरवे चौकोन भरलेत याकडे ते फार बघत नाहीत. ते एखादी रिक्वेस्ट उघडतात आणि ‘हे बदला’ म्हटल्यावर मुलगा काय म्हणाला, ते वाचतात. आज तिथे तुझं एकच उत्तर आहे आणि ते वाईट आहे. वर्षभरात त्याच्या शेजारी दहा चांगली उत्तरं असू शकतात. कुणी विचारलंच, तर लपवू नकोस, काय झालं आणि नंतर काय बदललं ते दोन वाक्यांत सांग.

आता बाबांचा प्रश्न, आणि तो अगदी योग्य आहे. घरात पैशाची ओढ असेल तर आधी अभ्यास आणि इंटर्नशिप, हे काम आठवड्याचे तीन-चार तास पुरे. मानधन मिळणाऱ्या वाटाही आहेत. गुगल समर ऑफ कोड २००५ पासून चालतो, आणि २०२२ पासून तो फक्त विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही, अठरा वर्षांपुढच्या नवख्यांनाही खुला आहे. तिथे निवड होताना प्रोजेक्टची माणसं तुला आधीपासून ओळखत असतील, तर फार फरक पडतो. पण निवड होईलच असं वचन मी बाबांना देणार नाही, तूही देऊ नकोस. त्यांना एवढंच विचार, की कार्यशाळेत नवीन लागले तेव्हा त्यांचं काम तपासून परत करणारे कुणी जुने मिस्त्री होते का, आणि त्यांच्याकडून ते काय शिकले. त्यांचं उत्तर मलाही वाचायला आवडेल.

३० दिवस संपले, की त्या जुन्या प्रोजेक्टमध्ये जाऊन बघ. तो फिल्टर अजून कोसळत असेल, तर एडिटरचं आपोआप फॉरमॅट बंद कर, तुझ्या चार ओळी आणि एक टेस्ट एवढंच नव्या रिक्वेस्टमध्ये पाठव, आणि मग थांब.