मोनेने १८६८ मध्ये फ्रान्समधील बेनेकूर गावी रंगवलेले नदीकाठचे चित्र दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) मानावे का?

होय, मानावे, फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने सेन नदीच्या काठावर रंगवलेल्या या चित्रात दृक्प्रत्ययवादाची मूळ दृष्टी स्पष्ट दिसते. झाडाखाली बसलेली स्त्री पैलतीराकडे पाहत आहे. तिथले घर पानांआड बरेचसे झाकले गेले आहे, पण त्याचे प्रतिबिंब पाण्यात रंगाच्या रुंद, सपाट फटकाऱ्यांतून अधिक मोकळे उमटले आहे. वस्तूऐवजी डोळ्यांना जाणवणारा प्रकाश रंगवण्याचे हे धाडस मला फार मोलाचे वाटते. मात्र ‘दृक्प्रत्ययवाद’ ही संज्ञा मोने व त्याच्या सहकारी चित्रकारांच्या पॅरिसमधील १८७४ च्या प्रदर्शनानंतर रूढ झाली, त्यामुळे काटेकोर कालक्रम पाळायचा असल्यास या चित्राला पूर्वटप्प्यातील म्हणावे. मूळ चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे.