‘बेघर’ म्हणावं की आणखी काही?

प्रश्न असा आला आहे : “आम्ही काही जण रात्र निवाऱ्यात आळीपाळीने मदतीला जातो. नोंदवहीत ‘बेघर’ लिहावं, ‘निराधार’ की ‘निराश्रित’? शिवाय पत्ता विचारला की माणसं गप्प होतात. मग विचारायचं कसं?”

‘निराधार’ नको. संजय गांधी निराधार अनुदान योजनेमुळे तो सरकारी कागदावर रुळला आहे, तिथेच राहू द्या. निवाऱ्यात झोपायला येणारे पुष्कळ जण दिवसा हमाली-बिगारी करतात, लग्नात वाढपी म्हणून जातात, जमेल तसे गावी पैसे धाडतात. घरच्यांचा आधार तेच असतात. ‘निराश्रित’ कानाला जड, आणि त्यात कीव आहे. ‘भिकारी’ हा शब्द तर वहीच्या जवळपासही येऊ देऊ नका. १९५९च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने, पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि भिकेवर जगत असावा अशा अवस्थेत सार्वजनिक जागी भटकतो, एवढ्यावरूनही माणसाला भीक मागणारा ठरवता येतं. ज्यांनी कधी हात पसरला नाही त्यांनाही त्या शब्दाची धास्ती असते.

उरला ‘बेघर’. फारसी ‘बे’ आणि आपलं ‘घर’. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत ‘बेघरांना आसरा’ आहे, म्हणजे शब्द चांगल्या तोंडून आलेला आहे. पाटीवर, अहवालात खुशाल वापरा. समोरच्या माणसाला मात्र म्हणू नका. मराठीत घर म्हणजे चार भिंतीच नव्हेत. ‘घरी कोण कोण असतं?’, ‘घरचे कसे आहेत?’, ‘तिचं घर मोडलं’ : या सगळ्यात घर म्हणजे माणसं. ‘तुम्ही बेघर ना?’ हे ऐकणाऱ्याला ‘तुम्हाला कुणी नाही ना?’ असं ऐकू येतं. पालावर राहणाऱ्या भटक्या कुटुंबाला तर हा शब्द लावूच नये. पाल हे त्यांचं घर आहे.

आता पत्ता. एका निवाऱ्यात मी वही घेऊन बसलो होतो. साठीच्या एक मावशी आल्या. ‘घर कुठे तुमचं?’ विचारलं, तर त्या गाठोड्याची गाठ सोडत आणि पुन्हा बांधत राहिल्या. शेजारच्या कार्यकर्तीने हळूच विचारलं, ‘मावशी, मुक्काम कुठं असतो?’ लगेच उत्तर आलं : ‘पुलाखाली, दुसऱ्या खांबापाशी. पाऊस लागला की दवाखान्याच्या जिन्यात.’

किती नेमका पत्ता! ‘मुक्काम’ अरबीतून आला, पण आपल्याकडे वाड्यात राहणाराही पत्रावर ‘मु. पो.’ लिहीत आला आहे. वारीचा मुक्काम असतो, पाहुण्यांचा असतो. या शब्दात कुणी कमी ठरत नाही.

क्रियापदांकडेही लक्ष द्या. ‘रस्त्यावरून उचलून आणलं’ असं नोंदीत दिसतं. उचलतात सामान. माणूस ‘आला’, ‘आमच्यासोबत आल्या’ असं लिहा. आणि वयाने लहान असला तरी पहिल्या भेटीत अहो-जाहोच.

वहीत ‘पत्ता’च्या जागी ‘मुक्काम’ लिहा, शेजारी ‘गाव’ असा रकाना ठेवा. गावाचं नाव निघालं की बऱ्याच जणांची कळी खुलते. कुणी टाळलं तर तो कोराच राहू द्या, पुन्हा विचारू नका. मारझोड सोसून घराबाहेर पडलेल्या बाईला ते नाव तोंडावर आणणंही नको असतं.