रस्ता कोणासाठी बांधला होता, ते आधी पाहा

प्रश्न : सपाट रस्त्यावर मी सामानासह दिवसाला ७०-८० किलोमीटर सायकल आरामात चालवतो. आता आठवडाभराची सफर डोंगराळ मुलखातून करायची आहे, वाटेत जुने किल्ले, मठ, पूल पाहत. नकाशावर दोन गावांत १५ किलोमीटर अंतर दिसतं, पण त्या १५ किलोमीटरमध्ये काय वाढून ठेवलंय ते कळत नाही. मार्ग निवडायचा कसा?

उत्तर : सगळ्यात आधी किलोमीटर मोजणं सोडा. डोंगरातला दिवस चढाच्या मीटरांत मोजायचा. तुमचं वजन ७० किलो, सायकल आणि सामान मिळून २५ किलो, असं ९५ किलोचं ओझं धरू. ८ टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की आठ मीटर वर, ते ताशी ६ किलोमीटरने न्यायला साधारण १३५ वॅट ताकद लागते. नियमित सायकल चालवणाऱ्याला हे तास-दोन तास जमतं. या वेगाने तासाभरात पाचशेच्या आतबाहेर मीटर उंची गाठता येते. म्हणजे १००० मीटर चढाला नुसते चढण्याचेच दोन तास, दम खाणं आणि पाणी पिणं वेगळं. सामान बरोबर असेल आणि वाटेत काही पाहायचं असेल, तर १००० मीटर ही मी दिवसाची मर्यादा धरते. मग अंतर ४० किलोमीटर भरो नाहीतर ७०.

पण एकूण चढ सारखा असला म्हणून दोन रस्ते सारखे होत नाहीत, आणि मला खरं सांगायचंय ते इथे आहे. जुना रस्ता मुळात कोणासाठी बांधला होता, हे शोधा. माणसांसाठी आणि लादलेल्या खेचरांसाठी पडलेली वाट सरळ वर चढते, कारण पायांना २०-२५ टक्के चढ परवडतो. गाडी ओढणाऱ्या घोड्याला तो परवडत नाही, म्हणून गाडीचा रस्ता वळणं घेत घेत वर जातो. आगगाडीला तर २-३ टक्केसुद्धा जड जातात. रस्त्याचा जन्म कळला की त्याचा चढ निम्मा कळलाच.

उदाहरणंच देते. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये हार्डनॉट नावाची खिंड आहे. तिच्या पश्चिम अंगाला रोमनांचा किल्ला आहे, सम्राट हेड्रियनच्या काळातला. भिंती अजून चांगल्या उंचीच्या आहेत आणि जागा तर अप्रतिम. पण तिथल्या अरुंद रस्त्यावर काही ठिकाणी चढ ३० टक्क्यांच्या वर जातो. खिंडीची उंची ४०० मीटरही नाही, त्यामुळे नकाशावर ती निरुपद्रवी वाटते. आता इटलीच्या आल्प्समधली स्टेल्व्हिओ खिंड पाहा. उंची २,७५७ मीटर, उत्तरेकडून २४ किलोमीटरांत १,८०० मीटर चढ, ४८ तीव्र वळणं. ऐकूनच छाती दडपते. तरी सरासरी चढ ७ टक्क्यांच्या थोडा वर, कारण हा रस्ता ऑस्ट्रियन साम्राज्याने १८२० ते १८२५ या काळात कार्लो दोनेगानी या अभियंत्याकडून गाड्या नेण्यासाठी बांधून घेतला. त्याच्या आधी, १८०१ ते १८०५ मध्ये, नेपोलियनने स्वित्झर्लंडमधल्या सिंप्लॉन खिंडीतून रस्ता काढला तो तोफा पलीकडे नेता याव्यात म्हणून. तोफ ओढून न्यायची तर चढ बेताचाच ठेवावा लागतो, आणि त्याचा फायदा आज सायकलवाल्याला होतो. लांब चढ वेळ खातो. तीव्र चढ मात्र सामानासह खाली उतरायला लावतो. पहिल्या सफरीसाठी मी कधीही लांब चढच सांगेन.

त्याहून सोपं हवं असेल तर बंद पडलेले रेल्वेमार्ग. स्पेनमध्ये अंदालुसियाच्या डोंगरात ओल्वेरा ते पुएर्तो सेरानो हा ३६ किलोमीटरचा मार्ग आहे. रुळमार्गासाठी ३० बोगदे खोदले, पूल बांधले, आणि त्यावरून आगगाडी कधी धावलीच नाही. आज तिथून सायकली जातात, आणि ओल्वेरा गावाच्या माथ्यावर मूर काळातला, म्हणजे स्पेनवरच्या मुस्लिम राजवटीतला, किल्ला आहे. दुसरा माझा फार आवडता मार्ग पारेन्झाना. इटलीतल्या त्रिएस्तेपासून स्लोव्हेनियातून क्रोएशियातल्या पोरेचपर्यंत १२३ किलोमीटर. त्यावर १९०२ ते १९३५ अरुंद रुळांची गाडी चालायची. ग्रोझन्यान, मोतोवुन अशी टेकड्यांवरची जुनी गावं या वाटेवर भेटतात. मोतोवुनची तटबंदी दुरून दिसू लागते आणि मग बराच वेळ वळणावळणाला कधी डावीकडे, कधी उजवीकडे येत राहते. गाव हळूहळू जवळ येताना पाहणं, हे सुख मोटारीत मिळत नाही. अशा मार्गांवर बोगद्यांसाठी चांगला दिवा हवा आणि खडीसाठी ४० मिलिमीटरच्या आसपास रुंद टायर. तेच टायर जुन्या गावांच्या दगडी फरसबंदीवरही कामी येतात. पावसात ती फरशी निसरडी होते, तेव्हा हवा थोडी कमी ठेवा आणि वळताना ब्रेक लावू नका.

आल्प्स ओलांडायचाच असेल तर विया क्लाउडिया ऑगस्टा पाहा. डॅन्यूबच्या खोऱ्यातून इटलीत उतरणारा हा रोमन मार्ग सम्राट क्लॉडियसच्या कारकिर्दीत, इ.स. ४७ च्या सुमारास पुरा झाला. रोमनांनी डोंगररांगेतली ठेंगणी खिंड हेरली होती, रेशेन. ती १,५०० मीटरांच्या आसपास आहे. आज त्या मार्गाला धरून सायकलमार्ग आखलेला आहे.

आता पाहायच्या जागांबद्दल. जुने पूल नदी अरुंद होते तिथे असतात, म्हणजे दरीच्या तळाशी, वाटेवरच. किल्ला मात्र वाट अडवायला बांधलेला, म्हणून तो वर. बरेच मठही कड्याकपारीला, वस्तीपासून लांब. म्हणून पूल आणि बाजारपेठेची गावं प्रवासाच्या दिवसांत घ्या आणि किल्ल्यासाठी पायथ्याशी दोन रात्री मुक्काम ठेवा. सामान मुक्कामावर सोडून सकाळी रिकाम्या सायकलने वर जा. दहा-बारा किलो उतरले की चढाला लागणारी ताकद आठव्या हिश्शाने कमी होते. शिवाय दाराशी उभ्या केलेल्या भरल्या पिशव्यांची काळजी नसली, की तटावर तास-दीड तास निवांत बसता येतं. त्याच तटावरून तुम्ही आलात तो रस्ता दिसतो, आणि किल्ला इथेच का बांधला ते आपोआप कळतं. आठवड्यातून एखादा दिवस बऱ्याच जागा बंद असतात, तो वार आधीच पाहून ठेवा.

प्रश्न : चढावर माझे गुडघे दुखतात. सायकल नवी आहे, गिअरही भरपूर आहेत. सराव कमी पडतोय का?

उत्तर : बहुधा सराव नाही, गिअर कमी पडतोय. गिअर किती आहेत याला महत्त्व नाही, सगळ्यात हलका कोणता आहे ते मोजा. पुढची सगळ्यात लहान चकती ३४ दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठीही ३४ ची असेल, तर ताशी ६ किलोमीटरला पाय मिनिटाला ४७-४८ वेळाच फिरतात, आणि प्रत्येक फेरीत गुडघ्यावर दाब येतो. पुढे २६ आणि मागे ३६ केलं, तर त्याच वेगात पाय ६६ वेळा फिरतात. काम तेवढंच, पण ते जास्त फेऱ्यांत वाटलं जातं. शर्यतीसाठी बनवलेल्या सायकलींना इतका हलका गिअर सहसा नसतो. दुकानात बदलून मिळतो का विचारा, कारण मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, मोठी चकती पेलणारा असावा लागतो. सीट फार खाली नाही ना, तेही बघा. दुखणं तरी राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, सहन करत बसू नका.

हलका गिअर वापरणं कमीपणाचं वाटणारे लोक अजून भेटतात. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत १९३७ पर्यंत डिरेलरला परवानगीच नव्हती. पण फ्रान्समधल्या सेंतेत्येनसारख्या डोंगराळ भागात राहणारे पॉल द व्हिव्ही, ज्यांना जग 'व्हेलोसिओ' म्हणून ओळखतं, त्याच्या कितीतरी आधीपासून बदलत्या गिअरचा जाहीर पुरस्कार करत होते. डोंगरात रोज चढणाऱ्याला ते शर्यतवाल्यांच्या आधी उमगलं.

प्रश्न : चढाची भीती नाही, पण सामान लादून लांब उतार उतरताना धडकी भरते. ब्रेक सतत दाबून ठेवावा का?

उत्तर : नाही. ९५ किलो वजन ५०० मीटर खाली आणताना जी ऊर्जा सुटते, तिच्यात सव्वा लिटर गार पाणी उकळेल. त्यातली काही हवा घेते, बाकीची ब्रेकमध्ये उष्णता होऊन बसते. हळू जात ब्रेक घासत राहिलात तर हवेचा वाटा कमी होतो आणि ब्रेकचा वाढतो. रिमब्रेक, म्हणजे चाकाच्या कड्यावर दाबणारा ब्रेक, असेल तर ते कडं तापून ट्यूब फुटू शकते. डिस्कब्रेक, म्हणजे चाकाच्या मध्याजवळच्या तबकडीला पॅडने आवळणारा ब्रेक, असेल तर पॅडची पकड जाते. सरळ पट्ट्यावर सायकल धावू द्या, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठाम लावून वेग कमी करा, वळणात सोडा. आवाज किंवा वास बदलला की थांबा, पाच-दहा मिनिटं निवू द्या. आणि जाकीट माथ्यावरच चढवा. थंडीने बोटं बधिर झाली की ब्रेकचा दांडा नीट दाबता येत नाही.

प्रश्न : आम्ही दोघं साठी ओलांडलेले. ई-सायकल घेऊन अशी सफर करावी का?

उत्तर : जरूर करा. युरोपात पॅडल मारल्यावरच मदत देणारी, २५० वॅटची आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत साथ देणारी सायकल साध्या सायकलीसारखीच धरतात, म्हणजे वरचे बहुतेक मार्ग तुम्हाला खुले आहेत. निम्मी मेहनत तुमची असेल तर ५०० वॅट-तासांची बॅटरी १००० मीटर चढाचा दिवस सहज काढते. मदत सतत पूर्ण ठेवलीत तर मात्र तिचा हिशेब लवकर आटोपतो. रात्रीचा मुक्काम चार्जिंगची सोय विचारूनच ठरवा. आपली सायकल विमानाने न्यायचा विचार असेल तर तो सोडा. प्रवासी विमानात १६० वॅट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही. तिथेच भाड्याने घ्या, आणि घेताना आपल्या पिशव्या तिच्या कॅरिअरला बसतात का ते लावून पाहा.