आधी यादी, मग भाव

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू मोबाईलवर बाबांच्या जुन्या चित्रकथांच्या ट्रंकेचे फोटो दाखवलेस आणि विचारलंस, "काका, पुण्याचा माणूस सगळ्याचे मिळून बारा हजार म्हणतोय, देऊ का?" मी चहा गार होईपर्यंत गप्प बसलो आणि मग पावसाचं काहीतरी बोललो. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. आलं होतं. राग आला होता. तुझ्यावर नव्हे. बरं, थोडा तुझ्यावरही.

बारा हजार जास्त की कमी, ते मला विचारू नकोस. कशाचे बारा हजार? किती अंक आहेत म्हटल्यावर तू म्हणालीस, "असतील दोन-अडीचशे." रविवार पेठेत कांद्याचं पोतं घेताना असं बोलशील का? आधी यादी, मग भाव. यादी होईपर्यंत त्या माणसाला होय म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही. "बघते" म्हण. आपल्याकडं "बघते" म्हटलं की सहा महिने सहज जातात.

तो उक्तं का मागतोय, हे तुझ्या ध्यानात आलं नाही. फोटोत त्याला आठ-दहा अंक दिसलेत. त्यांचा भाव तो मनात धरून बसलाय आणि बाकीचे त्याला फुकट पडणार आहेत. यात लबाडी नाही, धंदा आहे. जो माणूस माल घेऊन वर्षवर्ष घरात ठेवतो, एकेक गिऱ्हाईक शोधतो, पार्सलं बांधतो, तो विकायच्या भावाच्या तिसऱ्या हिश्शानं किंवा फार तर निम्म्यानं घेणार. ते मला मान्य आहे. पण ट्रंकेत काय आहे हे त्याला कळलंय आणि तुला नाही, हे मला मान्य नाही. ट्रंक तुझ्या घरात आहे की त्याच्या?

यादी म्हणजे नुसती नावं नव्हेत. मालिका, भाषा, अंकाचा क्रमांक, छापलं असेल तर साल, छापील किंमत आणि अवस्था, एवढं प्रत्येक अंकापुढं हवं. इंद्रजाल कॉमिक्स मार्च 1964 मध्ये सुरू झालं आणि 1990 मध्ये बंद पडलं. त्या सव्वीस वर्षांत आठशेच्या वर अंक निघाले. पहिले बत्तीस अंक नुसते वेताळाचे, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचे; जादूगार मँड्रेक वगैरे मंडळी नंतरची. आबिद सुरतींचा बहादूर तर 1976 चा. नंतरच्या अंकांवर सलग क्रमांक सापडणार नाही, खंड आणि अंक असं असतं. तिथं स्वतःचं डोकं चालवू नकोस, जसं छापलंय तसं उतरव.

अमर चित्रकथेची गोष्ट वेगळी. ती 1967 पासूनची आहे, पण एकेक पुस्तक किती वेळा छापलं गेलं त्याला गणती नाही. जुनं दिसतं म्हणून जुनं समजू नकोस. छापील किंमत बघ. आणि मागं इतर पुस्तकांची यादी छापलेली असेल तर ती कुठवर आलीये ते बघ. तुझ्या हातातली छपाई त्याच्या आधीची असूच शकत नाही. (ती मालिका उभी करणारे अनंत पै मूळचे कर्नाटकातल्या कारकळचे, घरची भाषा कोकणी. म्हणजे ते कुणाचे यावर आपल्याकडं भांडायला जागा आहे, पण तू भांडू नकोस.)

भाषेचा रकाना मी मुद्दाम सांगितला. तुझ्या बाबांची ट्रंक म्हणजे पक्की बेळगावची ट्रंक. मराठी अंक घरच्यांनी घेतलेले, कन्नड चित्रकथा शेजारच्या अक्कांकडून आलेल्या आणि इंग्रजी अंक कॅम्पातल्या रद्दीतले. लष्करातल्या साहेबांची बदली झाली की त्यांच्या पोरांची पुस्तकं रद्दीत यायची आणि आम्ही सायकली काढून धावायचो. पुण्या-मुंबईच्या संग्रहात अशी सरमिसळ सहसा नसते. एकच गोष्ट दोन भाषांत असेल तर ती जोडी मोडू नकोस. आणि मराठी अंकांची गिऱ्हाइकं थोडी, पण चिवट. त्यांना लहानपण परत हवं असतं आणि त्यांचं लहानपण इंग्रजीत झालेलं नसतं.

आता अवस्था. तू फोटो फक्त मुखपृष्ठांचे काढलेत. मुखपृष्ठ बघून अंक घेणारा एकतर नवखा किंवा चोर. अंक मधोमध उघड. दोन्ही पिना जागेवर आहेत का? गंजल्यात का? मधलं जोडपान आहे का? पहिल्यांदा तेच सुटतं. आपल्या पावसानं पानं सादळतात, कडेनं तांबूस ठिपके येतात, कसर लागली असेल तर भोकं दिसतील. हे सगळं लिही. लपवलंस तर पार्सल परत येईल आणि नावही जाईल. फाटलंय तिथं चिकटपट्टी लावू नकोस, हात जोडतो. ती पिवळी पडते आणि काढताना शाई घेऊन येते. आणि कुणी हौसेनं दहा-दहा अंक एकत्र बांधून घेतले असतील, तर बांधणाऱ्यानं कडा कापल्या असणार. तेही लिही.

त्या फोटोंतला एक मी मोठा करून बघितला. वेताळाचा अंक, वरच्या कोपऱ्यात निळ्या शाईत तुझ्या बाबांचं नाव आणि खाली "इयत्ता 6 वी ब". आत नक्की कुठंतरी कोडं सोडवलेलं असणार, त्यांना राहवायचं नाही. बाजारात नाव लिहिलेल्या अंकाचा भाव उतरतो. खोडायला जाऊ नकोस, भोक पडेल. यादीत लिही, "मुखपृष्ठावर नाव, निळी शाई." बस्स.

तू म्हणशील, काका एवढ्या यादीच्या मागं का लागलेत. सांगतो.

1991 साली आम्ही अनसूरकर गल्लीतलं भाड्याचं घर सोडून टिळकवाडीत आलो. माझ्याकडं दोन ट्रंका होत्या, तुमच्याहून मोठ्या. जुलै महिना, नवी जागा दोन खोल्यांची, धाकट्याला दम्याचा त्रास आणि ट्रंक उघडली की ओलीचा भपकारा. डॉक्टर म्हणाले, जुने कागद घरात नकोत. एक जुनी पुस्तकं घेणारा आला, ट्रंका उघडून चाळल्यासारखं केलं आणि चारशे रुपये म्हणाला. मी दिल्या. अर्ध्या तासाचं काम. ट्रंकाही दिल्या, त्याचं वाईट नंतर वाटलं.

म्हणजे मी चुकलो असं समजू नकोस. पोराचा श्वास आधी. चारशे रुपयेही तेव्हा अगदीच थोडे नव्हते. आजही तीच परिस्थिती आली तर मी विकीन. पण आदल्या रात्री कंदील घेऊन बसलो असतो आणि वहीत उतरवून काढलं असतं, तर माझं काय गेलं असतं? एक रात्र. ती मी दिली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं, हे मी तीस वर्षं स्वतःला सांगतोय. ऑफिस रोजच होतं.

निपाणीचा माझा भाऊ म्हणतो, आपल्याकडं इंद्रजालचा पहिला अंक होता, कॅम्पातून आणलेला, वेताळाच्या पट्ट्याचा. मी म्हणतो नव्हता, तो आपण मित्राकडं वाचला. दर गणपतीत आरती झाली की हा विषय निघतो. सीमेचा वाद 1956 पासूनचा आहे, 2004 पासून तो सुप्रीम कोर्टात आहे, त्याचा निकाल एखादे दिवशी लागेल. आमचा लागणार नाही, कारण कागदच नाही. पैसे गेल्याचं मला काही वाटत नाही. माझ्याकडं काय होतं तेच मला माहीत नाही, हे खुपतं. तू विक, जरूर विक; पुण्यात खोलीला डिपॉझिट लागतं, ते काही वेताळ भरणार नाही. पण यादी करून विक.

यादी झाली की भाव. नेटवर कुणी एका अंकाचे पाच हजार मागतो म्हणून तो पाच हजारांचा होत नाही. तो तिथं तीन वर्षं पडून असतो. मागितलेला भाव बघू नकोस, विकला गेलेला बघ. संग्राहकांना विचार, ते सांगतात, जरा चढवून सांगतात. दुर्मिळ आणि धडके अंक एकेक करून विकायचे. क्रमशः गोष्टीचे भाग एकत्रच. बाकीच्यांचे वीस-वीसचे गठ्ठे. सगळ्यात शेवटी जे उरेल त्याचं उक्तं कर आणि ते हवं तर त्या पुण्याच्या माणसालाच दे. मी त्याच्या विरोधात नाही.

पैसे खात्यावर दिसल्याशिवाय पार्सल नाही. "क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे येतील" असं कुणी म्हणालं की फोन ठेव. स्कॅन करून पिन टाकली की पैसे जातात, येत नाहीत. तुला हे माहीत असेलच, पण तुझ्या वयाचे शिकलेलेच जास्त फसलेले मी बघितलेत. पार्सलात दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, वर प्लास्टिक. पावसाळ्यात पाठवूच नकोस म्हणालो असतो, पण मग बेळगावातून चार महिने काहीच पाठवता यायचं नाही.

काय ठेवायचं, ते मी सांगणार नाही. यादी करताना हात आपोआप थांबतो, तिथं खूण कर. माझ्याकडं आता कपाटाचा एकच कप्पा आहे, सगळं पुन्हा विकत घेतलेलं, प्रत्येक अंकाचं कार्ड. मागच्या वर्षी हुबळीचा एकजण दुप्पट द्यायला तयार होता, मी दारातूनच परत पाठवला. बायको म्हणाली, "आता कुठला दमा आहे?" तिचं बरोबर आहे. मी दिला नाही.

बाबा "तुझं तू बघ" म्हणाले, ते तू खरं धरलंस. एकदा यादी त्यांच्यासमोर बसून कर. काही बोलू नकोस, नुसतं मोठ्यानं वाचत लिही. कुठला अंक कुठून आला हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?

पुढच्या रविवारी दहाला ये. ट्रंक रिक्षातून आण, स्कूटरवर नको. वही दोनशे पानी घे. निपाणीचा भाऊही त्या दिवशी येतोय, मदत करतो म्हणेल. त्याला फक्त लिहायला बसव. तंबाखूची बोटं आहेत त्याची, अंकांना हात लावू द्यायचा नाही.

तुझा,
काका