ट्रकला ८७ की ९३? आधी ट्रेलर जोडलाय का ते सांगा

प्रश्न (पत्र लांब होतं, मुद्द्यापुरतं देतो): आम्ही डॅलसजवळ राहतो. गेल्या वर्षी २०१९ची वापरलेली फोर्ड एफ-१५० घेतली, ३.५ लिटर इकोबूस्ट. कर्ज अजून २४,००० डॉलर बाकी आहे, ४८ हप्ते, व्याज ७.९ टक्के. वर्षाला साधारण १५,००० मैल होतात. त्यातले २,००० मैल उन्हाळ्यात ट्रॅव्हल ट्रेलर ओढत कोलोरॅडोला जाऊन येण्याचे. नवरा दर वेळी प्रीमियमच भरतो. आमच्याकडे रेग्युलर २.८०, मधलं ३.२५ आणि प्रीमियम ३.६५ डॉलर आहे. कोल्हापूरहून सासरे आलेत, तेही म्हणतात, "गाडीला चांगलं खायला घातलं की गाडी साथ देते." मी म्हणते पैसे वाया जातायत. मग नवरा म्हणाला, निदान मधलं तरी भरू. कोण बरोबर?

उत्तर:

ताई, तेरा हजार मैलांपुरत्या तुम्ही बरोबर आहात आणि दोन हजार मैलांपुरते तुमचे हे. सासरेबुवा बरोबर आहेत, पण त्यांच्या काळापुरते आणि त्यांच्या रस्त्यांपुरते. त्यांच्यापासूनच सुरुवात करतो, कारण घरातला हा वाद पैशांचा कमी आणि 'चांगलं' या शब्दाचा जास्त आहे.

ज्यांनी आपल्याकडे जीप-ॲम्बेसेडर चालवल्या, त्यांना पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ ही रोजची धास्ती होती. ठरलेला पंप सोडायचा नाही, महागातलं मिळालं तर तेच भरायचं, हे तेव्हा शहाणपणच होतं. जास्तीचे पैसे भरवशाचे होते. इथे पंपावरचा तो पिवळा चौकोन भरवशाचा आकडा दाखवत नाही. रेग्युलरचा ८७, मधल्याचा ८९ आणि प्रीमियमचा ९३ हे ऑक्टेनचे आकडे फक्त एवढंच सांगतात की इंधन दाबाखाली वेळेआधी पेटायला किती दाद देत नाही. ९३ मध्ये ताकद जास्त भरलेली नसते, ते ८७ पेक्षा 'स्वच्छ' असतंच असंही नाही. इंजिन साफ ठेवणारी रसायनं कुठल्या कंपनीचं इंधन आहे त्यावर ठरतात. 'टॉप टिअर' म्हणजे अशी रसायनं पुरेशी घातल्याची खूण. तिचं चिन्ह असलेल्या पंपावर ती तिन्ही नळ्यांना सारखीच लागू असतात. तेव्हा सासऱ्यांचा आग्रह पाळायचा असेल, तर टॉप टिअर पंपावर जाऊन ८७ भरा. कॉस्टको या घाऊक दुकानांच्या साखळीचा पंपही त्यात येतो, तिथे फक्त रांगेचा संयम लागतो.

जाता जाता: सासरे भारतातल्या पेट्रोलचा ९१ चा आकडा सांगून "तुमचं ८७ म्हणजे हलकंच" असं म्हणाले असतील, तर मापाची पट्टी वेगळी आहे. भारतात आणि युरोपात एकाच पद्धतीचा, 'रिसर्च ऑक्टेन'चा आकडा छापतात, अमेरिकेत दोन पद्धतींची सरासरी छापतात. तिकडचं ९१ म्हणजे इकडचं साधारण ८७.

आता तुमचा ट्रक. डॅशबोर्डच्या कप्प्यातलं मॅन्युअल काढा. त्यात या इंजिनाला ८७ चालतं असं आहे, आणि ट्रेलर ओढण्यासारख्या कष्टाच्या कामाला प्रीमियमची शिफारस आहे. भांडणाचा निकाल त्या दोन वाक्यांत आहे, मी फक्त त्यांना डॉलर लावून दाखवतो.

मोकळा ट्रक मैलामागे काय पितो हे तुम्ही लिहिलं नाही, म्हणून मी गॅलनला १९ मैल धरले, ट्रेलरसह १०. तुमची नोंद वेगळी असेल तर आकडे बदलून घ्या. मोकळ्या १३,००० मैलांना ६८४ गॅलन लागतात. रेग्युलरने १,९१५ डॉलर. प्रीमियमचा काहीच फायदा होत नाही असं मी म्हणणार नाही: ट्रिपल ए या अमेरिकेतल्या वाहनचालकांच्या संघटनेने २०१७ मध्ये, प्रीमियमची शिफारस असलेल्या पण सक्ती नसलेल्या गाड्या तपासल्या, तेव्हा मायलेज सरासरी २.७ टक्क्यांनी सुधारलं. तोही तुमच्या बाजूने धरू. मग ६६६ गॅलन लागतील, ३.६५ ने २,४३१ डॉलर. म्हणजे फायदा वजा करूनही वर्षाला ५१६ डॉलर जास्त गेले. महिन्याला ४३.

प्रीमियमने स्वतःची किंमत वसूल करायची तर मायलेज ३० टक्क्यांनी वाढायला हवं, १९ चे जवळपास २५ व्हायला हवेत. ते कुठल्याही नळीतून येत नाही.

"पण इंजिन टिकेल ना?" हा तुमच्या ह्यांचा खरा मुद्दा, आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. सिलिंडरमध्ये ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं इंधन आपोआप पेटलं की जो टकटक आवाज येतो, तो खरोखर वाईट. तुमच्या इकोबूस्टसारख्या टर्बो इंजिनात हवा कोंबलेली असते, तिथे धोका जास्त. पण या इंजिनात तो आवाज ऐकणारा सेन्सर आहे. टकटकीची चाहूल लागली की संगणक ठिणगी थोडी उशिरा देतो. इंजिन वाचतं, थोडी ताकद जाते. कामावर जाताना, मुलांना शाळेत सोडताना ती ताकद तुम्ही वापरतच नाही. जी वापरत नाही ती विकत का घ्यायची? फेडरल ट्रेड कमिशन ही ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्थाही ग्राहकांना हेच सांगत आलंय: मॅन्युअल मागत नसेल तर वरचा ग्रेड भरून काही मिळत नाही. आणि २०१६ मध्ये ट्रिपल एचा हिशोब असा होता की ज्या गाड्यांना रेग्युलर पुरतं, त्यांत प्रीमियम भरून अमेरिकेतल्या चालकांनी वर्षभरात २१० कोटी डॉलरहून जास्त उडवले. तुमचे हे एकटे नाहीत, एवढंच.

(इंजिनाचीच काळजी असेल तर एक कान थंड इंजिन सुरू होतानाच्या खडखडाटाकडे ठेवा. २०१७ ते २०२० च्या ३.५ इकोबूस्टमध्ये कॅम फेझरची (व्हॉल्व्हच्या उघडझापेची वेळ बदलणाऱ्या भागाची) तक्रार माहितीची आहे. तिचा ऑक्टेनशी संबंध नाही, ९३ भरून ती टळत नाही. तेल वेळेवर बदलणं आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम, हे तिथे कामाला येतं.)

मधल्या ८९ बद्दल. संसारात मधला मार्ग बरा असतो, पंपावर नाही. बहुतेक ठिकाणी जमिनीखाली दोनच टाक्या असतात, ८७ आणि ९३ च्या, आणि ८९ नळीपाशी मिसळून मिळतं. दोन भाग रेग्युलर, एक भाग प्रीमियम. तुमच्याच भावांनी त्या मिश्रणाची किंमत ३.०८ होते. पंप ३.२५ घेतोय. मिसळण्याची मजुरी गॅलनला १७ सेंट! शिवाय तुमचं मॅन्युअल ८९ चं नावही काढत नाही. ५.७ लिटरचं 'हेमी' इंजिन असलेल्या रॅम ट्रकच्या मॅन्युअलमध्ये ८९ ची शिफारस असते, तिथे गोष्ट वेगळी. शेजाऱ्याकडे तो ट्रक असेल आणि त्याचं ऐकून हे चालू झालं असेल, तर उलगडा झाला.

आता ट्रेलरचे दोन हजार मैल. इथे मी तुमच्या ह्यांच्या बाजूला बसतो. गॅलनला १० मैल धरले तर २०० गॅलन, ८५ सेंटच्या फरकाने १७० डॉलर. ते द्या, खुशाल द्या. जुलैच्या उकाड्यात मागे ट्रेलर, पुढे न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडोच्या सीमेवरची रेटन खिंड, सात हजार आठशे फुटांवर. तिथे टर्बो पूर्ण जोर लावतो आणि संगणकाने ठिणगी मागे घेतली की तुम्हाला ते चढावर जाणवतं. ताकद खरोखर वापरली जाते, तिचे पैसे दिले तर वावगं नाही. फक्त टाकी अर्धी ८७ ने भरलेली असताना वर ९३ ओतलं तर मिश्रण ९० च्या आसपास राहतं, म्हणून निघायच्या आधी टाकी उतरू द्या आणि मगच भरा.

कोलोरॅडोत शिरल्यावर मात्र डोळे उघडे ठेवा. तिथल्या पंपांवर 'रेग्युलर' म्हणून जे बटण असतं त्यावर अनेकदा ८५ लिहिलेलं असतं. टेक्सासच्या सवयीने डावीकडचं स्वस्त बटण दाबलं की झालं. डोंगरावर ८५ विकण्यामागचं कारण जुनं आहे: कार्ब्युरेटरच्या काळात विरळ हवेत इंजिनात दाब कमी व्हायचा, कमी ऑक्टेन चालून जायचं. तुमचा टर्बो ती विरळ हवा पुन्हा दाबून भरतो, त्यामुळे उंचीची सवलत त्याला मिळत नाही. मॅन्युअलही ८७ च्या खाली जाऊ नका असं बजावतं. तिथे मधलं बटण म्हणजे तुमचं घरचं ८७, आणि प्रीमियम बहुधा ९१ असतं. ट्रेलर जोडलेला असताना ९१ भरा. तळावर ट्रेलर सोडून नुसतं गावात फिरताना ८७ पुरे. तिथे चार सेंट वाचवायला ८५ भरू नका. मी खर्च वाचवायला सांगणारा माणूस आहे, पण हा वाचवायचा खर्च नाही.

राहता राहिले ते ५१६ डॉलर. ते चालू खात्यात तसेच पडले तर ऑगस्टपर्यंत कुठे गेले कळणार नाही. माझ्या हिशोबाने त्यांची जागा ठरलेली आहे, तुमचं ७.९ टक्क्यांचं कर्ज. हप्ता साधारण ५८५ डॉलरचा येतो. त्यात दर महिन्याला ४३ जास्त भरले तर कर्ज जवळपास चार महिने आधी फिटतं आणि सव्वातीनशे डॉलरच्या वर व्याज वाचतं. ७.९ टक्के खात्रीने वाचवून देणारी दुसरी जागा मला आज ठाऊक नाही. जास्तीची रक्कम मुद्दलात जमा करा असं बँकेला स्पष्ट कळवा, नाहीतर काही जण ती पुढच्या हप्त्यापोटी धरतात. आणि क्रेडिट युनियनमध्ये (आपल्याकडच्या पतसंस्थेसारखी सभासदांची संस्था) कर्ज हलवण्याचा दर एकदा विचारून बघा. क्रेडिट स्कोअर बरा असेल तर ऑक्टेनपेक्षा मोठी बचत त्या एका फोनमध्ये असू शकते. हे तुम्ही विचारलं नव्हतं, पण पत्रात ७.९ वाचून हात शिवशिवले.

एक अपवाद लिहून ठेवतो. ८७ वर, ट्रेलर नसतानाही चढावर टकटक ऐकू आली तर हट्ट सोडा, त्या टाकीपुरता वरचा ग्रेड भरा आणि मेकॅनिकला दाखवा. तो आवाज इंधनाचा नसून दुसऱ्याच बिघाडाचा असू शकतो. आणि पुढे कधी ट्रक बदलून जनरल मोटर्सची (जीएम) ६.२ लिटर व्ही-८ इंजिनाची गाडी घेतलीत, तर हे पत्र फेकून द्या. तिथे प्रीमियमची शिफारस रोजच्या वापरालाच आहे, आणि तो खर्च गाडी घेण्याआधी हिशोबात धरायचा असतो.

सासरे या उन्हाळ्यात सोबत येणार असतील तर वाटेतल्या अमारिलो गावच्या पंपावर नळी त्यांच्या हातात द्या. प्रीमियमचं बटण त्यांनाच दाबू दे.