६० हजार शिक्षक, तीन दिवस आणि एक उतरंड

राज्यस्तरीय शिक्षक प्रशिक्षणाचं नियोजन या विषयावर वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे, कारण तिथे चुकलेलं गणित पुढे कुठेच दुरुस्त होत नाही.

प्रश्न : पुढच्या वर्षी राज्यातल्या ६०,००० प्राथमिक शिक्षकांना गणित अध्यापनाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं आहे. राज्यानं जिल्ह्याची माणसं तयार करायची, जिल्ह्यानं तालुक्याची, तालुक्यानं शिक्षकांची, अशी रचना ठरते आहे. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण चालवणारी माणसं, किती लागतील?
(समन्वय समितीचे सदस्य)

आकडा काढण्याआधी उतरंडीतली एक पायरी काढून टाका. राज्य पातळीवर सहा दिवस चाललेलं प्रशिक्षण जिल्ह्यात चार दिवसांचं होतं आणि तालुक्यात तीन दिवसांचं. दिवस कमी झाले की प्रत्येक जण आधी सराव कापतो. गटकार्य, नमुना पाठ, एकमेकांचे पाठ पाहून केलेली चर्चा, हे सगळं वेळखाऊ. स्लाइड वाचून दाखवणं त्यामानानं सोपं. त्यामुळे शेवटच्या शिक्षकापर्यंत मजकूर बहुतेक पोचतो, पण तो वर्गात वापरण्याची सवय वाटेतच गळते. मधली पायरी एकच ठेवली, तर ही गळती एकदाच होते आणि तिच्यावर नजरही ठेवता येते.

आता हिशेब खालून वर करा. एका तुकडीत ४० शिक्षक आणि दोन सुलभक धरले तर १,५०० तुकड्या होतात. एका जोडीला तीन तुकड्या दिल्या तर ५०० जोड्या, म्हणजे १,००० सुलभक लागतील. पाच तुकड्या दिल्या तर ६०० जणांत भागेल आणि निवड सोपी जाईल. पण सुलभक बहुधा स्वतः शिक्षकच असतात. पाच तुकड्यांचे १५ दिवस आणि स्वतःच्या तयारीचे सहा, असे २१ दिवस त्यांचा वर्ग रिकामा राहतो. तीन तुकड्यांत हेच १५ दिवसांवर येतं. आमचा कल तीनकडे आहे. यात एक तोटाही आहे आणि तो लपवू नये : सुलभकाची पहिली तुकडी हमखास कच्ची जाते, आणि तीनच तुकड्या असतील तर एकतृतीयांश शिक्षकांच्या वाट्याला ही कच्ची तुकडी येते.

म्हणून ती पहिली तुकडी सुलभकांच्या तयारीच्या सहा दिवसांतच घडवून आणा. शेवटचे दोन दिवस निव्वळ सरावाचे ठेवा. सुलभकांच्याही ४०-४० जणांच्या तुकड्या करा; एकीत २० जोड्या होतात. प्रत्येक जोडीनं ९० मिनिटांचं एक सत्र एकाच दालनात घ्यायचं म्हटलं तर ३० तास लागतील, म्हणजे ते होणार नाही. चार खोल्या घ्या, प्रत्येकीत पाच जोड्या ठेवा; सत्र ९० मिनिटं आणि त्यावर अभिप्राय २० मिनिटं. पाच जोड्यांचं काम सव्वानऊ तासांच्या आत संपतं, दोन दिवसांत नीट बसतं. मात्र प्रत्येक खोलीत एक जाणकार बसलेला हवा, म्हणजे एका तुकडीमागे चार राज्यस्तरीय तज्ज्ञ.

बदली, आजारपण, निवडणुकीचं काम यांपायी सुलभक गळतात. १५ टक्के गळती धरली तर १,००० टिकण्यासाठी साधारण १,१८० जण तयार करावे लागतील. त्यांच्या ३० तुकड्या होतात. चार तज्ज्ञांच्या एका चमूनं तीन तुकड्या घेतल्या तर दहा चमू, म्हणजे ४० तज्ज्ञ. सगळी रचना मग ४०, १,१८० आणि ६०,००० अशी उभी राहते. जादा १८० जणांना जिल्हानिहाय राखीव ठेवा. शेजारच्या जिल्ह्यातला राखीव सुलभक आयत्या वेळी सकाळी साडेनऊला पोचत नाही.

एका आठवड्यात १०० केंद्रांवर तुकड्या चालवल्या तर १५ फेऱ्यांत काम संपतं आणि प्रत्येक जोडीची पाळी पाचव्या आठवड्याला येते. मधल्या वेळेत तिला आपला वर्गही सांभाळता येतो आणि चुकाही सुधारता येतात.

कार्यमुक्तीचे आदेश किमान १५ दिवस आधी शाळेत पोचलेले हवेत. याद्या लावताना एक चाळणी सक्तीची ठेवा : कोणत्याही शाळेतले एकतृतीयांशाहून जास्त शिक्षक एका फेरीत नकोत. द्विशिक्षकी शाळेत ही अट पाळता येत नाही, तिथे एका वेळी एकच. एकशिक्षकी शाळेसाठी बदली शिक्षकाचं नाव आदेशातच लिहा. नाहीतर शाळा तीन दिवस बंद राहते आणि गावाचा राग प्रशिक्षणावर निघतो, तोही रास्तच.

प्रश्न : तीन दिवसांनी खरोखर काही होतं का? की निधी खर्ची टाकण्याचाच हा प्रकार?
(मुख्याध्यापिका)

सलग तीन दिवस आणि पुढे काहीच नाही, असं असेल तर फारशी आशा धरू नका. क्वांग सुक यून आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अमेरिकेत या विषयावरच्या १,३०० हून अधिक अभ्यासांची छाननी केली. काटेकोर निकषांवर त्यातले फक्त नऊ टिकले आणि तेही सगळे प्राथमिक स्तरावरचे होते. १४ किंवा त्याहून कमी तासांच्या प्रशिक्षणाचा विद्यार्थ्यांच्या शिकण्यावर ठळक परिणाम दिसला नाही. सरासरी ४९ तासांच्या प्रशिक्षणाचा मात्र चांगला दिसला. नऊच अभ्यास आहेत, तेव्हा हे आकडे दगडावरची रेघ समजू नयेत. दिशा कळायला पुरेसे आहेत.

तुमचे तीन दिवस म्हणजे सहा तासांप्रमाणे १८ तास. ते फोडा. आधी दोन दिवस, मग चार आठवडे वर्गात वापर, मग एक दिवस परत. परतीच्या दिवशी शिक्षकांनी मुलांच्या वह्यांची दोन-दोन पानं आणायची आणि चर्चा त्यांच्यावरच करायची. त्यानंतर शाळासमूहाच्या आठ मासिक बैठका, दोन-दोन तासांच्या. एकूण ३४ तास होतात आणि त्यातले बरेचसे वर्गात करून पाहिल्यानंतरचे.

अशा विभागणीमुळे केंद्रांची संख्या वाढवावी लागत नाही. सोमवार-मंगळवारी नवी तुकडी, गुरुवारी चार आठवड्यांपूर्वीची परतलेली तुकडी, असं लावलं तर १५ आठवड्यांचं काम १९ आठवड्यांत उरकतं. प्रवासखर्च दोनदा येतो, तो अंदाजपत्रकात आधीच धरा. मासिक बैठकीचं मात्र सांभाळायला हवं. परिपत्रकं वाचण्यात पहिला तास गेला की दुसराही तसाच जातो. विषयाचा भाग सुरुवातीला घ्या, सूचना शेवटच्या १५ मिनिटांत.

प्रश्न : आमच्या अभिप्राय फॉर्मवर सरासरी पाचपैकी ४.६ येते. वर्गभेटीत मात्र पूर्वीचंच अध्यापन दिसतं. फॉर्म चुकतो आहे का?
(जिल्हा समन्वयक)

फॉर्म बरोबर आहे, पण तो शिक्षकांचं समाधान विचारतो; तुमचा प्रश्न वर्गातल्या बदलाचा आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार स्तर मांडले. त्यात समाधान हा सगळ्यात खालचा. थॉमस गस्की यांनी शिक्षकांसाठी २००० मध्ये पाच स्तर केले आणि मध्ये एक मोलाची भर घातली : शिकलेलं वापरायला संस्थेनं वाव दिला का? तुमचं घोडं बहुधा इथेच अडलं आहे. शिक्षकानं गटात गणित शिकवायचं ठरवलं, पण महिनाअखेर अमुक पानापर्यंत अभ्यासक्रम संपल्याचा अहवाल मागितला जात असेल, तर तो अहवालच जिंकणार. म्हणून मुख्याध्यापक आणि पर्यवेक्षकांना शिक्षकांच्या आधी अर्धा दिवस बोलवा आणि वर्गभेटीत काय पाहायचं, काय मागायचं नाही, हे ठरवून घ्या.

वर्गात काय बदललं ते मोजण्यासाठी राज्यभर सगळ्यांकडे जाण्याची गरज नाही. चिठ्ठ्या टाकून ३०० शिक्षक निवडा, एका शाळेतून एकच. एवढ्या नमुन्यात 'किती टक्के शिक्षक हे करतात' याचं उत्तर साधारण सहा टक्क्यांच्या इकडेतिकडे मिळतं. निरीक्षणाला २० मिनिटं आणि तीनच बाबी पुरेत. उदाहरणार्थ : मुलांच्या हातात साहित्य होतं का, शिक्षकानं 'हे कसं काढलंस?' असं किमान दोनदा विचारलं का. एखाद्या मुलानं आपली रीत आपल्या शब्दांत सांगितली का. २५ बाबींचा तक्ता दिला की निरीक्षक तो वर्गाबाहेर, गाडीत बसून भरतो.

आधी दहा वर्ग दोन-दोन निरीक्षकांनी एकत्र पाहावेत आणि नोंदी स्वतंत्र कराव्यात. दहातल्या आठांत तरी जुळलं नाही तर बाबींचे शब्द सुधारा, निरीक्षकांना दोष देत बसू नका. भेटी दोनदा : प्रशिक्षणानंतर चार आठवड्यांनी आणि बारा आठवड्यांनी. पहिल्या भेटीतला उत्साह दुसऱ्या भेटीपर्यंत किती उरला, हाच आकडा वर पाठवण्यासारखा असतो.

तुलनेसाठी वेगळा गटही शोधावा लागत नाही. १५ फेऱ्या आहेत. पहिल्या पाच फेऱ्यांतल्या शिक्षकांचे वर्ग पाहताना शेवटच्या पाच फेऱ्यांतले, अजून प्रशिक्षण न झालेले वर्गही पाहा. अट एकच : फेऱ्यांचा क्रम सोडतीनं ठरलेला असावा. 'चांगले जिल्हे आधी' असं झालं असेल तर ही तुलना फुकट गेली.

प्रश्न : हे सगळं ऑनलाइन का करू नये? एका आठवड्यात साठ हजार प्रमाणपत्रं निघतात.
(तंत्रस्नेही शिक्षक)

निघतात, आणि काही वेळा चाचणीची उत्तरंही त्याच आठवड्यात व्हॉट्सअॅपवर फिरतात. ऑनलाइन भाग संकल्पना समजावण्यासाठी चांगला. सराव आणि अभिप्राय यांची जागा तो घेत नाही. दोन दिवसांच्या सत्राआधी दोन तासांचा ऑनलाइन भाग ठेवलात तर समोरासमोरचा वेळ सरावासाठी मोकळा होतो. आम्ही त्याचा एवढाच उपयोग सुचवू.

व्हिडिओ सहा ते आठ मिनिटांचे करा आणि उतरवून घेता येतील असे ठेवा. चाचणीसाठी ६० प्रश्नांचा संच करून प्रत्येकाला त्यातले कोणतेही १५ येतील अशी सोय करा. अंतिम मुदत सर्वांना एकच देऊ नका. लोक शेवटच्या दोन रात्रीच येतात आणि सर्व्हर बसतो. मग मुदतवाढ मिळते, आणि पुढच्या वेळी मुदतीला कुणी विचारत नाही. जिल्ह्यांचे चार गट करून मुदती तीन-तीन दिवसांनी मागेपुढे ठेवा.

प्रश्न : घटकसंचात (प्रशिक्षणाच्या छापील साहित्यात) 'वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, केलेलं ९० टक्के' असा त्रिकोण घालायचा आहे. चालेल ना?
(घटकसंच लेखक)

नको. तो बहुधा अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर छापला जातो. डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू (प्रत्यक्ष कृतीपासून निव्वळ शब्दांपर्यंत शिकण्याच्या अनुभवांची उतरती मांडणी) मांडला हे खरं, पण त्यात टक्केवारी नव्हती. ती नंतर कुणीतरी चिकटवली. शिक्षकांना पुरावा तपासायला सांगणाऱ्या संचात हा त्रिकोण शोभत नाही. ती जागा सत्राच्या मिनिटवार आखणीला द्या : ९० मिनिटांत १० उजळणी, १५ नमुना, ३५ सराव, २० अभिप्राय, १० उद्याच्या पाठाची आखणी. 'वेळ कमी पडला तर नमुना आणि उजळणी आखडा, सरावाला हात लावू नका' हे वाक्य प्रत्येक सत्राच्या पानावर ठळक छापा. आणि छपाईआधी संच दोन तुकड्यांवर चालवून पाहा, एक सोयीच्या भागात आणि एक दुर्गम भागात. सुधारणांची शेवटची तारीख छपाईच्या तीन आठवडे आधीची ठेवा. पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक टाका. नाहीतर एकाच दालनात दोन वेगवेगळे संच निघतात आणि 'पान ४२ उघडा' म्हटल्यावर गोंधळ उडतो.

प्रश्न : उपस्थितीच्या याद्या जुळत नाहीत. ६०,००० जणांमध्ये ६३,००० प्रमाणपत्रं निघाली!
(तालुका कार्यालयातील लिपिक)

याद्या नावावरून जोडल्या गेल्या असणार. एकच शिक्षिका एका यादीत माहेरच्या नावानं, दुसरीत सासरच्या नावानं आणि तिसरीत आडनाव आधी अशी येते. मोबाइल क्रमांकही बदलतो. प्रत्येक शिक्षकाचा सेवेतला कायम क्रमांक हीच एकमेव ओळख धरा. हजेरीपत्रक तो क्रमांक आणि नाव आधीच छापून पाठवा. केंद्रावर फक्त सही घ्यायची, लिहायचं काही नाही. आयत्या वेळी आलेल्यांसाठी वेगळं पान ठेवा आणि त्यातल्या क्रमांकांची पडताळणी झाल्याशिवाय प्रमाणपत्र काढू नका. आता निघालेल्या जादा ३,००० प्रमाणपत्रांसाठी सगळी यादी कायम क्रमांकावर क्रमवार लावा; दुहेरी नोंदी एकाखाली एक येतील. क्रमांकच नसलेल्या नोंदी बाजूला काढा आणि त्या त्या शाळेकडून लेखी खात्री करून घ्या.